'स्थितप्रज्ञ' शब्द असा वापरू नका

मा. संपादक,
स. न.

परवा आपल्या पेपरात खड्ड्यांच्या बातमीला 'प्रशासन मात्र स्थितप्रज्ञ' असं हेडिंग होतं. आणि हे आपल्याच पेपरात नाही, टीव्हीवर पण तेच चाललंय, एखाद्या नेत्यावर आरोप झाले नि तो गप्प बसला की लगेच स्थितप्रज्ञ. खरंच वाईट वाटतं हो. लोकांच्या तक्रारीचं ज्याला काहीच वाटत नाही त्याच्यासाठी ढिम्म आहे, मख्ख आहे, कोडगा आहे, निगरगट्ट आहे, आपल्या भाषेत शब्द कमी आहेत का?

स्थितप्रज्ञ म्हणजे ज्याची प्रज्ञा स्थिर झालीय तो. स्थिर बुद्धी आहे, माणूस जागचा हलत नाही असं नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ५४ व्या श्लोकात अर्जुन विचारतो की असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, म्हणजे प्रश्नच मुळात वागण्याचा आहे, आणि पुढं ७२ पर्यंत १८ श्लोक कृष्ण त्याचंच उत्तर देतो. दुःखात खचत नाही, सुखाला हपापत नाही, राग आणि भीती सुटलेली. कासव अवयव आत ओढतं तशी इंद्रियं आवरून घेण्याचा श्लोक बऱ्याच जणांना पाठ असतो, पण ६४ वा फारसा कुणी सांगत नाही, त्यात हा माणूस जगात सगळीकडं वावरतो, फक्त आसक्ती आणि द्वेष न ठेवता. आणि हे बोलणं चाललंय कुठं, तर रणांगणावर, धनुष्य टाकून बसलेल्याला उठवायला! मग काम टाळणाऱ्याला हा शब्द लावायचा म्हणजे पार उलटंच झालं.

गांधीजींच्या आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेत हेच श्लोक म्हणायचे. विनोबांनी १९४४ ला शिवनीच्या तुरुंगात ह्यांच्यावरच व्याख्यानं दिली, आणि विनोबा तरुणपणी आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या वाईला प्राज्ञपाठशाळेत शिकलेले. ही काय नुसती बसून राहणारी माणसं होती का?

आपल्याकडं हा शब्द लावायचाच तर महापुरात लावा. इर्विन पुलापाशी कृष्णा नदीचं पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून चढतच असतं आणि होडीवरची पोरं आरडाओरडा न करता एकेका म्हाताऱ्याला हात देऊन बाहेर काढत असतात, २०१९ ला सगळ्या सांगलीनं बघितलंय. त्यांची बातमी लिहिताना हेडिंगमध्ये स्थितप्रज्ञ खुशाल घाला.

आपला,
एक नियमित वाचक, विश्रामबाग, सांगली