रकान्यांची लांबी नव्हे, तारखा जुळवा

महोदय,

मुंबईच्या पावसाची आकडेवारी प्रकल्पासाठी घेणारे सांख्यिकीचे विद्यार्थी एका ठिकाणी हटकून अडतात. कुलाब्याच्या रकान्यात पूर्ण हंगामाच्या नोंदी असतात, सांताक्रूझच्या रकान्यात त्याहून कमी, आणि दोन्ही रकाने एका तक्त्यात बसत नाहीत. अशा वेळी आखूड रकान्याच्या तळाशी रिकाम्या जागा घालून लांबी सारखी करावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला घातक आहे, म्हणून हे पत्र.

जून ते सप्टेंबर या हंगामाचे दिवस १२२. समजा, सांताक्रूझची ५ जुलैची एकच नोंद गहाळ आहे आणि रिकामी जागा तळाशी घातली. मग ६ जुलैचा पाऊस ५ जुलैसमोर येतो आणि तिथून हंगाम संपेपर्यंतची प्रत्येक नोंद एक ओळ वर सरकते. बेरीज तीच राहते, सरासरीही तीच राहते, त्यामुळे संशय कुणालाच येत नाही. बिघडतो तो दोन ठिकाणांच्या पावसामधला सहसंबंध, आणि बहुतेक वेळा रकाने शेजारी मांडलेले असतात ते तोच काढण्यासाठी.

‘आर’ या संगणकभाषेत धोका आणखी खोल आहे. मोठ्या रकान्याची लांबी लहान रकान्याच्या पूर्ण पटीत नसेल, तर तिथली रकान्यांचा तक्ता बनवणारी ‘डेटा.फ्रेम’ ही आज्ञा काम थांबवते आणि ओळींची संख्या जुळत नसल्याचे सांगते. ती पूर्ण पटीत असेल, तर मात्र लहान रकाना मुकाट्याने पहिल्यापासून पुन्हा लिहिला जातो. जून आणि जुलै मिळून ६१ दिवस, आणि १२२ ही त्यांची बरोबर दुप्पट. २००५ च्या महापुरात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला सुमारे ७४. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून आपण २६ जुलैचा म्हणतो तो पाऊस नोंदीत २७ जुलैला येतो. (निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेले रकाने जोडण्यापूर्वी हाही फरक तपासायला हवा.) त्या वर्षीचा सांताक्रूझचा केवळ जून-जुलैचा रकाना कुलाब्याच्या पूर्ण हंगामाशेजारी ठेवला, तर तेच ९४४ मिलिमीटर २६ सप्टेंबरसमोरही उमटतात, आणि तेही इशाऱ्याचा एक शब्द न येता. पायथन या दुसऱ्या संगणकभाषेतील ‘झिप’ ही रकाने जोडणारी आज्ञा याच्या उलट वागते: लांब रकान्याचे उरलेले टोक ती गाळून टाकते. ३.१० या आवृत्तीपासून तिला ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय मिळाला असून, तो वापरल्यास लांबी जुळत नसताना ती अडून बसते.

उपाय अवघड नाही. आधी १२२ तारखांचा अखंड रकाना तयार करावा आणि ‘आर’मधील ‘मर्ज’ या आज्ञेने प्रत्येक केंद्राच्या नोंदी तारखेवरून त्याला जोडाव्यात. मात्र ‘मर्ज’ एरवी दोन्हीकडे असलेल्या तारखाच ठेवते, म्हणून सर्व ओळी राखण्याचा पर्याय आठवणीने द्यावा. गहाळ नोंद मग आपल्याच तारखेसमोर ‘एनए’ (म्हणजे नोंद उपलब्ध नाही) म्हणून दिसते. तिथे शून्य घालणे हा तर सरळ खोटेपणा आहे. पाऊस मोजला गेला नाही आणि पाऊस पडला नाही, या दोन गोष्टी एक नव्हेत.

महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकांत मुद्दाम काही नोंदी वगळलेली आकडेवारी द्यावी, आणि आकडेवारी प्रसिद्ध करणाऱ्या शासकीय कार्यालयांनी नोंद नसलेल्या दिवसाची ओळ काढून न टाकता तारखेसह रिकामी ठेवावी, ही विनंती.

— सांख्यिकीची एक प्राध्यापिका, माटुंगा, मुंबई