डग्ग्याचा उसासा

कोथरूड, पुणे
१८ जुलै, रात्री साडेअकरा

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "एका ड्रम मशीनला बेचाळीस हजार? अरे, त्यात सेकंडहँड स्कूटर आली असती!" मी काही बोलणार तेवढ्यात तुझी लोकल आली आणि विषय तिथेच राहिला. म्हणून हे पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा टाकून मोकळा झाला असतास.

तुझं म्हणणं मला कळलंय. ८०८ या रोलंड कंपनीच्या जुन्या ड्रम मशीनचे आवाज नेटवर फुकट मिळतात, ते लॅपटॉपवर घ्यायचे आणि वाजवायचे. मीही चार वर्षं तेच केलं. पण ते आवाज म्हणजे कुणीतरी, कधीतरी मारलेल्या एका ठोक्याचा फोटो. शंभर वेळा वाजवलास तरी तोच फोटो शंभर वेळा. माझ्या टेबलावरच्या टीआर-८एस या नव्या मशीनमध्ये ८०८ चा फोटो नाही. जुन्या मशीनमधला कपॅसिटर काय करायचा, रेझिस्टर काय करायचा, ट्रान्झिस्टर कुठे बिथरायचा, याचं गणित आत बसवलंय आणि प्रत्येक ठोक्याला ते नव्याने सोडवलं जातं. रोलंडवाले याला अ‍ॅनालॉग सर्किट बिहेवियर म्हणतात आणि २०१४ च्या टीआर-८ पासून वापरतात. म्हणजे तुझा एसपीडी-२० ऑक्टापॅड आणि माझं हे खोकं एकाच घरचं. फक्त तुझ्या एसपीडीत आवाज भरून ठेवलेत, इथे ते घडतात.

आता जरा मूळ ८०८ चं सांगतो, नाहीतर तू म्हणशील पोपटपंची करतोय.

१९८० साली ते आलं तेव्हा त्याची किंमत अमेरिकेत ११९५ डॉलर होती. त्याच वर्षी आलेलं लिन एलएम-१ हे दुसरं ड्रम मशीन ४९९५ डॉलरचं, आणि त्यात खऱ्या ड्रमचं रेकॉर्डिंग होतं. त्याच्यापुढे ८०८ चे आवाज म्हणजे खेळणं वाटायचं. १९८३ मध्ये ते बंदही झालं. एकूण साधारण बारा हजार नग निघाले. त्यानंतरच ते स्वस्तात विकलं जाऊ लागलं आणि पैसे नसलेल्या पोरांच्या हाती पडलं.

त्याचा बेस ड्रम कसा वाजतो माहितीये? आत सूर काढणारं काही नसतंच. एक सर्किट असतं, अगदी घुमण्याच्या काठावर आणून ठेवलेलं. त्याला एक छोटासा विजेचा धक्का द्यायचा, की ते देवळातल्या घंटेसारखं घुमतं आणि हळूहळू विझतं. 'डीके', म्हणजे विझण्याचा वेळ ठरवणारा खटका, फिरवला की निघालेला आवाज थोडा परत आत सोडला जातो, म्हणून घुमारा लांबतो. ठोक्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत सूर वर असतो, लगेच खाली बसतो, आणि विझता विझता आणखी किंचित ओघळतो. मी त्याला उसासा म्हणतो. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा काढतात त्याचा हा लांबचा भाऊ समज. स्टॅनफर्डच्या तिघा संशोधकांनी २०१४ मध्ये फक्त या बेस ड्रमच्या सर्किटवर अख्खा निबंध लिहिलाय. एका ठोक्यावर!

हाय-हॅट, म्हणजे ड्रम सेटमधल्या जोडझांजेचा आवाज, तर याहून मजेशीर. मूळ मशीनमध्ये सहा ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारी सर्किटं, सतत बोंबलत असतात, एकमेकांशी न जुळणाऱ्या सुरांत. ठोका म्हणजे फक्त दार उघडणं. दार उघडायच्या क्षणी कोण कुठल्या श्वासावर असेल याचा नेम नाही, म्हणून दोन हॅट हुबेहूब सारखे निघत नाहीत. ज्या काउबेलला, म्हणजे गाईच्या घंटेच्या आवाजाला, आपण टिंगलीने "दुधाची बरणी" म्हणायचो ना, ती याच सहांपैकी दोघांची, ५४० आणि ८०० हर्ट्झची.

आणि ८०८ चा तो खरखरीत फुसकारा? रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी म्हणे मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर घेतले होते, तपासणीत बाद झालेले. पुढे कारखाने सुधारले, बाद माल मिळेनासा झाला आणि मशीनच बंद करावं लागलं. माल चांगला यायला लागला म्हणून धंदा बसला, असं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. डॉन लुईस म्हणून एक वादक होते, ते सांगायचे की रोलंडमध्ये सर्किट बनवणाऱ्या नाकामुरांच्या हातून एकदा जोडून ठेवलेल्या सर्किटवर चहा सांडला. चालू केलं तर "प्स्स" असा आवाज आला. तोच आवाज पुन्हा काढायला त्यांना कित्येक महिने लागले आणि त्यातून झांजेचा आवाज झाला. मग आता गणितात काय उतरवायचं, ते तूच सांग. बाद ट्रान्झिस्टर आणि सांडलेला चहा, हेच ना! खोट काढून टाकली तर मागे उरते ती डोअरबेल.

पहिल्या रात्री माझी मात्र फजिती झाली. जुन्या लहान स्पीकरला जोडलं, बेस ड्रम लावला, तर नुसतं "टक". वाटलं, विकणाऱ्याने गंडवलं. सगळे खटके फिरवून झाले, फोनवर त्याला दोन शब्द सुनावूनही झाले. मग लक्षात आलं, हा सूर पन्नास हर्ट्झच्या आसपासचा, ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीपेक्षाही खालचा. माझ्या चार इंची स्पीकरला तो झेपतच नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकाकडून मोठा स्पीकर आणला आणि डीके पूर्ण सोडला. पाच मिनिटांत खालच्या काकू वर. "अरे, मांडणीवरचे डबे चालायला लागले!" विकणाऱ्याला पुन्हा फोन केला, या वेळी माफी मागायला.

मग हेडफोन लावून एक प्रयोग केला. मिनिटाला १२० ची लय, लांब घुमारा, आणि बेस ड्रम ठेक्याच्या सलग सोळाही घरांत. दोन ठोक्यांत सव्वाशे मिलिसेकंद. म्हणजे आधीचा घुमारा विझायच्या आतच पुढचा धक्का बसतो, कधी तो लाटेला साथ देतो तर कधी आडवा जातो. फुकटच्या सॅम्पलवर हेच केलं तर शिलाई मशीन चालू झाल्यासारखं वाटतं. इथे कानाला कळतं की आत काहीतरी हलतंय. तू मिरवणुकीत ढोलकीवर कातडं थांबायच्या आत पुढची थाप मारायचास, तसं.

तुझ्यापासून लपवून काय करू, गाण्यात बारा ट्रॅक एकत्र झाले की हा फरक ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कळेल. रोलंडच्याच पुढच्या ९०९ मशीनच्या बाबतीत तर झांजा आणि हॅट मुळातच रेकॉर्ड केलेले होते, त्यामुळे तिथे गणिताचं कौतुक अर्ध्यावरच संपतं. खरं अ‍ॅनालॉग सर्किट असलेलं बेहरिंगरचं आरडी-८ही बघितलं होतं. पण ते थोरलं धूड, आणि माझं टेबल तू पाहिलं आहेसच.

आपल्या मुंबईत हे सगळं फार लवकर येऊन गेलं होतं रे. फिल्मी स्टुडिओत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ८०८ आणि टीबी-३०३, ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जगभरच्या लोकांचे कान टवकारले. त्यातला भैरव ऐक. पण मोबाईलवर नको, माझ्यासारखीच गत होईल.

आता कामाचं. गणपतीला अजून वेळ आहे, तालमी सुरू व्हायच्या आधी एक रविवार काढ. येताना एसपीडी-२० आण, काठ्या आण. दोन्ही वाद्यं जोडणारी मिडीची केबल माझ्याकडे आहे. तुझ्या पॅडवरून हे मशीन वाजवायचं. मी बोटांनी खटके दाबून त्याला जेवढं बोलतं केलंय, त्यापेक्षा तुझ्या मनगटाला ते जास्त दाद देईल असा माझा अंदाज आहे. चुकला तर स्कूटरचा विषय पुन्हा काढ, ऐकून घेईन.

फक्त दुपारी ये. चार ते पाच काकू भजनाला जातात.

तुझा,
महेश