गोळाफेकीला ४५ अंशांची दोरी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावरील चौकटीत ‘कोणतीही वस्तू ४५ अंशांत फेकली की सर्वांत लांब जाते’ असे छापून आले आहे. हेच वाक्य मी तीस वर्षे अकरावीच्या फळ्यावर लिहिले, त्यामुळे तक्रार करताना थोडी लाजही वाटते. वस्तू ज्या पातळीवरून सुटली त्याच पातळीवर पडणार असेल आणि हवेचा रोध धरायचा नसेल, तेव्हाच ते खरे. ही अट मी फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचो. मुले ती उतरवून घेत नसत, मीही कधी विचारली नाही.

आमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. तेव्हापासून नववीतल्या माझ्या नातीलाही गोळ्याचे वेड आहे. मागच्या महिन्यात तिचा सराव पाहायला गेलो. रिंगणापुढे दोन बांबू रोवून वर सुतळी बांधलेली, आणि गोळा त्या सुतळीवरूनच गेला पाहिजे असा दंडक. सुतळीची उंची ४५ अंशांच्या हिशेबाने काढलेली! पोरगी पाठ मागे मोडून गोळा आभाळाकडे ढकलत होती. तो वर जायचा आणि समोरच धप्प.

घरी येऊन कागद घेतला. गोळा हातातून सुटतो तो जमिनीपासून साधारण १.८ मीटरवर, वेग सेकंदाला ९ मीटर धरला. ४५ अंशांत पल्ला येतो ९.७९ मीटर. ३५ अंशांत ९.८० मीटर, म्हणजे तेवढाच. मधल्या ४० अंशांत ९.९० मीटर. दहा अंश इकडचे तिकडे झाले तरी फरक वीतभराच्या आतच. आता कोन ३५ च ठेवून वेग फक्त ९.३ करा. पल्ला १०.३५ मीटर! पल्ला साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेगात तीन टक्के भर पडली की अंतरात सहाच्या आसपास पडते.

आणि कोन खाली आणला की वेग आपसूक वाढतो. ज्वारीचे पोते पुढे ढकलणे आणि तेच डोक्यावर चढवणे यातला फरक आमच्याकडे कुणालाही विचारा. गोळा जितका उभा फेकाल, तितका जोर त्याच्या वजनाशीच झुंजण्यात जातो. शिवाय छातीची ताकद पुढे ढकलताना अधिक कामी येते. म्हणून मुरलेले गोळाफेकपटू बहुधा ३५ ते ४० अंशांच्या दरम्यानच फेकतात. (भाल्याचे गणित आणखी निराळे. तिथे हवा मधे पडते, ते या पत्रात नको.)

क्रीडाशिक्षकांना हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, पण ४५ तर तुम्हीच शिकवलंत.” माझाच विद्यार्थी, चेहरा ओळखायला मला वेळ लागला. मग दोघांनी मिळून मोबाइलवर तिच्या फेकीचे चित्रण संथ करून पाहिले, काचेवर कोनमापक धरला. सुतळी फूटभर खाली आणली आहे.

चौकटीत पुन्हा कधी हा विषय आला, तर ‘फेकण्याची आणि पडण्याची पातळी एकच असल्यास आणि हवेचा रोध न धरल्यास’ एवढे शब्द जरूर घालावेत, आणि मोठ्या अक्षरात. नातीचा नवा पल्ला अजून मोजलेला नाही, सध्या तिची सहामाही परीक्षा चालू आहे.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, विटा (जि. सांगली)