तो फोटो आमच्या प्रिन्सचा नव्हे!

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कॉम्प्युटर गेमवर अर्धं पान आलं, वाचून लई बरं वाटलं, नाहीतर गेम म्हणलं की पोरं बिघडली हेच छापून येतं. पण त्यातल्या फोटोबद्दल लिहायलोय. खाली नाव दिलंय 'प्रिन्स ऑफ पर्शिया, १९८९' आणि फोटोत भिंतीवरून आडवा पळणारा, हातात चमकता खंजीर घेतलेला गडी! अहो तो २००३ च्या 'सॅन्ड्स ऑफ टाइम'मधला प्रिन्स आहे, युबिसॉफ्ट कंपनीनं काढलेला. आमचा प्रिन्स म्हणजे लग्नात पंगत वाढणाऱ्या पोरासारखा, अंगात साधा पांढरा पायजमा-शर्ट, आणि सुरुवातीला तर हातात तलवार पण नाही, ती तळघरात हुडकावी लागते.

आता तुम्ही म्हणाल एवढ्यावरून काय पत्र लिहायचं. पण फरक मोठा आहे, त्या नवीन गेममध्ये खंजीर दाबला की वेळ मागं जाते, म्हणजे पडलात तर पडायच्या आधी जाऊन पुन्हा उडी मारा. आमच्याकडं असली सोय नव्हती. ६० मिनिटं म्हणजे ६० मिनिटं, तेवढ्यात जाफर वजिराच्या तावडीतून राजकन्या सोडवायची, मेलात तर लेव्हल पहिल्यापासून सुरू पण घड्याळ मात्र पुढंच चाललेलं, आणि दर पाच मिनिटाला खाली अक्षरं उमटणार की आता एवढीच मिनिटं उरलीत.

मी हा गेम पहिल्यांदा खेळलो १९९८ ला, परभणीत बसस्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. चपला बाहेर काढून आत जायचं, की-बोर्डला पण प्लॅस्टिकचं कव्हर, आणि सर डबा खायला घरी गेले की एका मशीनभोवती आम्ही सहा-सात जण. मॉनिटर ब्लॅक अँड व्हाईट. हे मुद्दाम सांगतो कारण गेममध्ये औषधाच्या कुप्या असतात, लाल बुडबुड्याची पिली की जीव वाढतो आणि निळ्याची पिली की कमी होतो, आता आमच्या मॉनिटरवर लाल पण करडा आणि निळा पण करडा! त्यामुळं आमच्यात कायम वाद, एक म्हणायचा पी, दुसरा म्हणायचा नको रे विष असंल. ते ठरेपर्यंत चार-पाच मिनिटं जायची, आणि तेवढ्यात लाईट गेली तर सगळंच गेलं. सेव्ह करता येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मग कुणीतरी परभणीच्या बाहेरून, बहुतेक औरंगाबादहून, एक मंत्र आणला. गेम चालू करताना 'प्रिन्स' या शब्दापुढं 'मेगाहिट' टाईप करायचं आणि मग शिफ्ट दाबून एल मारलं की थेट पुढची लेव्हल. त्या दिवसापासून आम्ही सगळे प्रिन्सचे वस्ताद झालो! चौकात सांगायचो बाराच्या बारा लेव्हल झाल्या म्हणून.

आता या उन्हाळ्यात पोरीच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स, म्हणजे जुने गेम चालवायचं सॉफ्टवेअर, टाकून घेतला, म्हणलं बिगर मेगाहिटचं खेळून बघू. रंग बघूनच चाट पडलो. महालाच्या भिंती, पडदे, आणि हो, त्या कुप्या. २५ वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर मला विषाचा रंग कळला. पोरगी शेजारी बसून बघायली होती, म्हणली पप्पा हा पळतोय किती भारी पण सारखा मरायलाय काहून? बरोबरच होतं तिचं, कारण मी नुसता पळवत होतो. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकायचं असतं, काट्यातून पण तसं सावकाश चाललं तर काही होत नाही, जागेवर उडी मारली की कुठली फरशी हलतीय ते दिसतं. एक तर वेळ एवढी कमी आणि घाई केली की मुडदा पडलाच, असला विचित्र हिशेब मला त्या वयात समजलाच नव्हता.

आणि तो पळतो भारी त्याचं पण कारण आहे. हा गेम बनवला जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन पोरानं, त्यानं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, व्हिडिओ काढला आणि त्यावरून एकेक चित्र गिरवून घेतलं. संगीत वडिलांनी दिलं. म्हणजे सगळं घरचंच कार्य! पुढं २०१२ ला वडिलांनाच घरात जुन्या फ्लॉप्यांचा खोका सापडला, त्यात या गेमचा मूळ कोड निघाला आणि मेकनरनं तो सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवून दिला. आमच्या क्लासच्या फ्लॉप्या कुठल्या भंगारात गेल्या देव जाणे.

पण मला खरं सांगायचंय ते सावलीचं. चौथ्या लेव्हलला परत येताना वाटेत एक आरसा उभा राहतो, पळत येऊन त्याच्यातूनच उडी मारायची, आपण इकडं पडतो आणि आपली सावली उलट्या बाजूनं निघून जाते. मग ती पुढं आपलं औषध पिऊन टाकते, एकदा तर तोंडावर दार लावून खाली पाडते. गेम मुळात ज्या ॲपल टू कॉम्प्युटरवर बनला त्याला मेमरी लई थोडी, नवीन दुश्मनाची चित्रं मावेनात, म्हणून मेकनरनं हीरोचीच चित्रं जरा सरकवून ही सावली उभी केली, म्हणजे अडचणीतून निघालेली युक्ती आणि तीच गेममधली सगळ्यात भारी गोष्ट ठरली. बाराव्या लेव्हलला ती तलवार काढून समोर येते. तिला वार केला की आपलाच जीव कमी होतो! क्लासमध्ये आम्ही तिथं दरवेळी कापाकापी करून मेलो, मग कंटाळून गेम बंद, आणि चौकात मात्र जाफरला मारल्याच्या गप्पा. तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगावर चालत जायचं असतं, दोघं एक होतात आणि पुढचा रस्ता मिळतो. नुसती खालची बटण दाबायची होती हो. ते आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मागच्या शनिवारी मी बिगर मेगाहिटचा तिथपर्यंत पोचलो, तलवार म्यान केली, सावली अंगात आली, बसल्या जागी ओरडलो की घरातले उठून आले. घड्याळात तीन मिनिटं उरली होती. पुढं फरशी नाही तिथं बिनधास्त पळायचं असतं, पायाखाली आपोआप फरशी येते, हे मला वाचून माहीत होतं तरी काठावर जाऊन थबकलो, एकेक पाऊल टाकायची सवय लागलेली ना आता, आणि त्यातच वेळ संपली.

तर तेवढा फोटो बदलून छापा साहेब, शक्यतो रंगीत. ब्लॅक अँड व्हाईट आम्ही भरपूर बघितलाय.

आपला एक जुना वाचक,
परभणी