माया मंदिरातलं गूढ राहू द्या, आधी गिलावा बघा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या मंदिरांवर अख्खं पान दिलंत, बरं वाटलं, पण अर्धं पान परग्रहवासी आणि 'न उलगडलेलं गूढ' यातच गेलं, आणि चिचेन इत्झाच्या पिरॅमिडच्या पायऱ्या मोजून झाल्यावर लेखकाकडे सांगायला काही उरलंच नाही. अहो, ज्यांनी ते बांधलं त्यांच्या हाताबद्दल लिहा की चार ओळी!

लोखंडाचं एक हत्यार नाही, ओझ्याला बैल नाही की घोडा नाही. चुनखडीचा दगड खाणीतून निघताना तसा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, म्हणून गारगोटीच्या हत्यारांनी तासता यायचा. तोच दगड भाजून चुना करायचा आणि ओल्या गिलाव्यात देवांचे मोठाले मुखवटे घडवायचे, वर रंग. खरी कमान त्यांच्याकडे नव्हती, दोन्ही भिंतींचे थर जरा जरा आत सरकवत न्यायचे आणि वर फरशी टाकून फट बंद करायची. आपल्या यादवकालीन देवळांची छतंही पुढे सरकवलेल्या थरांचीच आहेत, हे लेखात आलं असतं तर किती मजा आली असती. पण यात खोली रुंद होत नाही. ग्वाटेमालातल्या टिकालचं पहिलं मंदिर सुमारे 47 मीटर उंच आणि आत बघाल तर नुसते बोळ! मग सगळी हौस बाहेर, छपरावर उंच दगडी तुरा उभारून त्यावर राजाची भली मोठी मूर्ती.

आणि होंडुरासमधल्या कोपानचं रोझालिला तुमच्या लेखात नाहीच, याचं जास्त वाईट वाटलं. सहाव्या शतकातलं देऊळ, नंतरच्या राजांनी त्यावर नवं बांधताना जुनं पाडलं नाही, नीट भर घालून आख्खंच्या आख्खं पुरलं. 1989 मध्ये पुरातत्त्वज्ञ रिकार्डो आगुर्सिया यांना बोगदे खणताना ते सापडलं तेव्हा भिंतींवरचे गिलाव्याचे पक्षी आणि सूर्यदेवाचे चेहरे जागच्या जागी होते, लाल रंगासकट. बाकी देवळं पावसानं धुऊन राखाडी झाली आणि आपण समजतो ती तशीच होती. तिथल्या म्युझियममध्ये त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, तिचा फोटो छापायचा ना!

तुमच्या लेखातल्या चित्रातला तो 'अंतराळवीर' म्हणजे मेक्सिकोतल्या पालेंके या माया नगरीचा राजा पाकाल, 683 साली वारलेला. ते त्याच्या शवपेटीचं झाकण आहे, तुम्ही आडवं छापलंय म्हणून रॉकेट दिसतं, उभं धरा म्हणजे विश्ववृक्ष, वर पक्षी आणि खाली पाताळाचा जबडा दिसेल. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दारावरचा गेंडा दाखवताना आपण परग्रहवासी आणत नाही, मग बिचाऱ्या मायांच्याच मागे का?

जाता जाता, चिचेन इत्झाच्या फोटोखाली ग्वाटेमाला छापलंय. ते मेक्सिकोत आहे, तेवढं तरी पुढच्या रविवारी दुरुस्त करा.

आपला,
एक जुना वाचक, नारायण पेठ, पुणे