चाळणीत अडकलेलं आकाश

हिंगोली

प्रिय गड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "गॅमा किरणांचे स्फोट निवडत कशाला बसतोस?" तेवढ्यात रेंज गेली. उत्तर राहून गेलं, म्हणून हे पत्र.

उफणणी झाली की आबा चाळण घेऊन बसायचे, आठवतं? वर राहिलं ते टपोरं, खाली पडलं ते बारीक. गॅमा किरणांचे स्फोट म्हणजे दूर आकाशात थोडा वेळ उठणारे प्रखर लखलखाट; त्यांचंही तसंच झालं बघ. अवकाशातल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या 'बॅट्से' उपकरणानं १९९१ ते २००० या काळात २७०४ स्फोट टिपले. किती सेकंद चमकले याचा आलेख काढला, तर दोन उंचवटे दिसतात आणि दोन सेकंदांपाशी खळगा. हे १९९३ मध्येच ध्यानात आलं होतं. लांबलचक स्फोट म्हणजे प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळणं, आखूड म्हणजे दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची (मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघट्ट गाभ्यांची) टक्कर, अशी वाटणी बसली.

मग १९९८ मध्ये डेटा मायनिंगवाल्यांना, म्हणजे संगणकानं आकड्यांत नमुने शोधणाऱ्यांना, मधला तिसरा गट सापडला. पण काहींनी शंका काढली, आणि मला तीच पटते. स्फोट मंद असला की त्याची शेपटी पार्श्वभूमीच्या गोंगाटात बुडते, मग लांबही आखूडच मोजला जातो. म्हणजे तो गट आकाशात नसून चाळणीतच असू शकतो!

मी रात्री लॅपटॉपवर के-मीन्स चालवून पाहिलं; सांगू तितक्या ढिगांत आकडे वाटून देणारी ही संगणकी रीत. दोन ढीग मागितले, दोन मिळाले. पाच मागितले, पाचही मिळाले. "इथं ढीगच नाहीत" असं ते कधीच म्हणत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यात डिसेंबर २०२१ चा एक स्फोट. जवळपास पन्नास सेकंद चालला, म्हणजे लांबातला. पण मागे उरलेली झळाळी टकरीची! नुसत्या सेकंदांवर विसंबायची सोय उरली नाही.

दाणा कोणत्या शिवारातला हे थेट कळलं ते १७ ऑगस्ट २०१७ ला. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आधी गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, आल्या; १.७ सेकंदांनी गॅमा किरण. तशाच लहरी टिपायला आपल्या औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय, एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. नागनाथाला जाताना त्या माळाकडं बघितलं की ऊर भरून येतो रे.

दिवाळीला ये. माझ्या पाच ढिगांतला चौथा कशानं झाला ते मला अजून उमगत नाही, तुझी नजर पाहिजे.

तुझाच,
दोस्त