गोळी रोजची, मग तपासणी एवढी दूर का?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

माझ्या हृदयातली मायट्रल झडप यांत्रिक आहे. रात्री निजानीज झाली की तिची टिकटिक मला ऐकू येते. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणारं वॉरफरिन रोज घ्यावं लागतं, तेही जन्मभर. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांना वॉरफरिनसारखी वरचेवर रक्ततपासणी लागत नाही, पण यांत्रिक झडपेला त्या चालत नाहीत. तेव्हा तो सल्ला कृपया नको.

माझा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, २.५ ते ३.५च्या मध्ये राहावा लागतो. खाली घसरला तर अर्धांगवायूची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. मागे दाढ सुजली म्हणून मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक घेतलं. चौथ्या दिवशी दात घासताना हिरडीतून रक्त थांबेचना. तपासलं तर ६.१! त्या गोळीने वॉरफरिनचा जोर वाढतो, तीन-चार दिवसांत तपासून घ्या, असं कुणीही सांगितलं नव्हतं. माझ्या वहीत पुढची तपासणी तीन आठवड्यांनंतरची होती.

त्या तपासणीत अर्धा दिवस जातो. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलीय ना, हे आता मीच बघतो. आतलं सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण, नऊ भाग रक्ताच्या हिशेबाने मोजलेलं असतं. नळी कमी भरली तर आकडा उगाच वाढून येतो. रिपोर्ट मिळतो संध्याकाळी. तोवर डॉक्टर गेलेले. मग आज अर्धी गोळी घ्यायची की पूर्ण, हे मी कुणाला विचारू?

बोटातल्या एका थेंबावर मिनिटभरात आयएनआर सांगणारी यंत्रं आहेत. आकडा फार वर आला तर शिरेतलं रक्त काढून पडताळावा लागतो, हे मान्य. पण दर महिन्याच्या तपासणीला ती पुरेशी आहेत. असं एक यंत्र प्रत्येक आरोग्य केंद्रात ठेवा. त्यात घालायच्या तपासणी-पट्ट्यांची तरतूदही त्याच आदेशात करा, नाहीतर यंत्र कपाटात आणि पट्ट्या 'मागवल्या आहेत' असं होतं. तिथल्या नर्सताईंना डोस बदलण्याचा लेखी तक्ता द्या. आणि आकडा हद्दीबाहेर गेला तर त्याच दिवशी फोन उचलेल असा एक डॉक्टर नेमून द्या. यंत्रांना उशीर लागणार असेल तर लागू दे, पण ही फोनची सोय आधी करा. त्याला खरेदीची निविदाही लागत नाही.

आपला,
वॉरफरिनवर असलेला एक रुग्ण